आईने पाहिलेलं केसपेपरवर का आलं नाही? जोसी किंग प्रकरण आणि त्यानंतर बदललेला राउंड

जानेवारी २००१. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात दीड वर्षाच्या जोसी किंगने बाथटबचा गरम पाण्याचा नळ स्वतःच फिरवला आणि ती भाजली. अंगाच्या सुमारे ६० टक्के भागावर पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीच्या जखमा झाल्या. चार भावंडांतली ती सगळ्यात धाकटी. तिला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या बाल अतिदक्षता विभागात दाखल केलं. हे रुग्णालय जगातल्या आघाडीच्या रुग्णालयांत गणलं जातं, आणि तिथल्या उपचारांना यशही आलं. सुमारे दहा दिवसांत जखमा भरू लागल्या, जोसीला आयसीयूमधून मध्यम देखरेखीच्या वॉर्डात हलवलं आणि घरी तिच्या परतण्याची तयारी सुरू झाली.

भाजण्यातून ती वाचली. गेली ती नंतरच्या दिवसांत, बरी होत असताना, आई उशाशी बसलेली असताना. म्हणून या प्रकरणाचा अभ्यास आजही होतो. त्या दिवसांचा क्रम नीट पाहायला हवा, कारण त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर आईने काहीतरी पाहिलं होतं आणि सांगितलंही होतं.

सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, काढल्यानंतर जोसीला तहान लागू लागली. कुणाच्या हातात पेला दिसला की ती पाण्यासाठी रडायची. तिला तोंडाने काही द्यायचं नाही, असं आईला, सॉरेल किंग यांना, सांगितलं गेलं होतं. अंघोळ घालताना जोसीने अंग पुसायचा ओला कपडा तोंडात धरला आणि अधाशासारखा चोखू लागली. रात्री झोपवताना तिचे डोळे वर फिरल्यासारखे आईला दिसले. आईने नर्सला बोलावून डॉक्टरांना कळवायला सांगितलं. मुलं कधी कधी असं करतात, तिचे व्हायटल्स (नाडी, श्वास, रक्तदाब) व्यवस्थित आहेत, असं उत्तर आलं. माझ्या मुलीने असं कधीच केलेलं नाही, असं सॉरेल म्हणाल्या. दुसऱ्या नर्सला पाहायला सांगितलं, तिनेही धीर दिला. त्या घरी गेल्या आणि रात्रीत दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच, जोसी ठीक आहे.

पहाटे साडेपाचच्या सुमाराला त्या परत आल्या तेव्हा मुलगी ठीक नाही हे त्यांना पाहताक्षणी कळलं. डॉक्टरांची टीम आली. अफूवर्गीय वेदनाशामकांचा परिणाम उतरवणारं नार्कन हे औषध दोनदा दिलं. आता तिला पाणी देऊ का, असं आईने विचारलं. परवानगी मिळाली आणि जोसी जवळजवळ लिटरभर ज्यूस प्यायली. तिला आता नार्कोटिक, म्हणजे अफूवर्गीय, औषध द्यायचं नाही, अशी तोंडी ऑर्डर आईच्या समोरच दिली गेली. मुलगी थोडी सावरली.

दुपारी एकच्या सुमाराला एक नर्स मेथाडोनची सिरिंज घेऊन आली. मेथाडोन नार्कोटिक आहे. सॉरेल यांनी तिला थांबवलं, नार्कोटिक द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलंय म्हणाल्या. ऑर्डर बदलली आहे, असं सांगून नर्सने डोस दिला. आई पाय चोळत असतानाच जोसीचं हृदय थांबलं. तिला पुन्हा आयसीयूत नेलं, व्हेंटिलेटरवर ठेवलं. २२ फेब्रुवारी २००१ रोजी आईवडिलांच्या संमतीने यंत्रं काढली आणि ती त्यांच्या कुशीत गेली. शरीरातलं पाणी कमालीचं कमी होणं आणि नार्कोटिक औषधाचा चुकीचा वापर, या दोन गोष्टींनी तिचा जीव घेतला.

काय दिसत होतं आणि कुणाला

या प्रकरणाबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा मेथाडोनच्या सिरिंजपाशी थांबतात. मला त्या आधीची रात्र जास्त महत्त्वाची वाटते, आणि त्या रात्रीतला तो ओला कपडा.

आपल्याकडे आशाताई, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आजारी बाळ तपासायला शिकतात ते आयएमएनसीआय नावाच्या पद्धतीने. नवजात आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या आजारांचं एकत्रित व्यवस्थापन असं तिचं स्वरूप आहे, आणि तिचं मूळ जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या कार्यपद्धतीत आहे. त्यात जुलाब झालेल्या मुलात पाणी कमी झालंय का हे चार खुणांवरून ठरवतात: मूल चिडचिडं किंवा बेचैन आहे का, डोळे खोल गेलेत का, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की हळू परत जाते का, आणि पाणी पुढे केल्यावर ते अधाशासारखं पितंय का. यातल्या दोन खुणा असल्या तरी शरीरातलं पाणी कमी झालं असं वर्गीकरण होतं. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. पाणी पुढे करायचं आणि पाहायचं.

जोसी कपडा चोखत होती. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या एएनएमने ते पाहिलं असतं तर तिच्या तक्त्यात ती खूण बसली असती. जगातल्या उत्तम रुग्णालयांपैकी एकात ती बसली नाही. तिथले लोक कमी शिकलेले नव्हते आणि बेफिकीरही नव्हते. अडचण अशी होती की तिथे मॉनिटरवर आकडे दिसत होते आणि आकडे ठीक होते. लहान मुलाचं शरीर रक्तदाब बराच वेळ धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं, हे बालरोगाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. या मधल्या काळात मूल बिघडतंय हे ओळखण्याचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे त्याला रोज पाहणारं माणूस. 'हिने असं कधीच केलेलं नाही' या वाक्यात दीड वर्षाचं निरीक्षण होतं. कुठल्याही चार्टवर ते लिहायला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या दुपारीही तेच झालं. सकाळची ऑर्डर तोंडी होती. ती आईच्या डोक्यात होती, आणि औषधं देणाऱ्याकडे दुसरी माहिती होती. दोन्हींत फरक पडला तेव्हा आई आणि नर्स समोरासमोर उभ्या होत्या. तिथे थांबून फोन करायला दोन मिनिटं लागली असती. पण आईने 'नको' म्हटल्यावर औषध आपोआप थांबतं, असा नियम त्या वॉर्डात नव्हता. लेखी ऑर्डरला वजन होतं, आईच्या शब्दाला नव्हतं.

मुलांच्या वॉर्डात हे विशेष धोक्याचं आहे. मोठा माणूस स्वतः म्हणतो, अहो ही गोळी माझी नाही. मूल म्हणत नाही. त्याचा प्रत्येक डोस वजनावर ठरतो, त्यामुळे दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट औषध जातं. आणि ड्यूटी बदलताना नर्स बदलतात, निवासी डॉक्टर बदलतात, कन्सल्टंट येऊन जातात. आठवडाभरात त्या कॉटपाशी न बदललेलं माणूस एकच असतं.

त्यानंतर रुग्णालयाने आणि कुटुंबाने काय केलं

रुग्णालयाने जबाबदारी मान्य केली. ही गोष्ट साधी नाही. अमेरिकेतही अशा वेळी वकिलांच्या सल्ल्याने तोंड बंद ठेवण्याचीच रीत होती. भरपाईच्या रकमेतला काही भाग किंग कुटुंबाने त्याच रुग्णालयाला मुलांच्या सुरक्षिततेचा कार्यक्रम सुरू करायला दिला आणि जोसीच्या नावाने एक प्रतिष्ठान उभं केलं. सॉरेल किंग देशभर डॉक्टर-नर्सेससमोर बोलू लागल्या. वेळही तशी होती: १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एका अहवालात तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसं वैद्यकीय चुकांमुळे मरतात असा अंदाज मांडला होता, आणि रुग्णालयं पहिल्यांदाच उघडपणे या विषयावर बोलायला लागली होती.

सॉरेल यांच्या बोलण्यातून निघालेली एक ठोस गोष्ट पिट्सबर्गच्या यूपीएमसी शेडीसाइड रुग्णालयात २००५ मध्ये सुरू झाली. तिचं नाव 'कंडिशन एच', एच म्हणजे हेल्प. रुग्णाच्या नातेवाइकाने रुग्णालयातला एक क्रमांक फिरवायचा, की तातडीची टीम खाटेपाशी येते. नर्सची किंवा डॉक्टरची परवानगी लागत नाही. उठसूट फोन येतील अशी भीती आधी व्यक्त झाली होती, ती खरी ठरली नाही.

याच वाटेने पुढे इतर देशही गेले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २००७ मध्ये रायन सॉंडर्स नावाचा लहानगा ओळखू न आलेल्या जंतुसंसर्गाने गेला. मूल आणखी बिघडतंय असं आईवडील सांगत होते. त्याच्या नावाचा नियम आज तिथल्या सरकारी रुग्णालयांत आहे: आधी नर्स किंवा डॉक्टरांशी बोला, समाधान झालं नाही तर वॉर्डच्या प्रमुख नर्सशी बोला, तरीही नाही झालं तर या क्रमांकावर फोन करा. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी ऑगस्ट २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर भिनल्याने, गेली. तिला वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निघाला. तिच्या नावाचा नियम २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत टप्प्याटप्प्याने लागू झाला.

हे सगळे क्रमांक हवेतच. पण माझं मत असं की आईला हा फोन करावा लागतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. रोजच्या संवादातली फट बुजवायची तर ती डॉक्टरांच्या रोजच्या राउंडमध्येच बुजवावी लागते, आणि तो प्रयत्न एका वेगळ्या गटाने केला.

राउंडची पुनर्रचना

बॉस्टनच्या बाल रुग्णालयातले ख्रिस्तोफर लँड्रिगन, एमी स्टार्मर आणि त्यांचे सहकारी आधी ड्यूटी बदलतानाच्या माहितीच्या देवाणघेवाणीवर काम करत होते. त्यांनी आय-पास नावाची एक ठरलेली चौकट बनवली: रुग्ण किती गंभीर आहे, थोडक्यात हकीकत, करायच्या कामांची यादी, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने हे सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नऊ रुग्णालयांत या चौकटीनंतर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या.

पण ही चौकट डॉक्टरांनी डॉक्टरांना सांगायची होती. कॉटशी बसलेलं माणूस तिच्या बाहेरच होतं. मग पुढचं पाऊल पडलं. अलिशा खान यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने आईवडील, नर्स आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून तीच चौकट सकाळच्या राउंडसाठी नव्याने बांधली. आईवडील इथे सल्लागार म्हणून शोभेला नव्हते, आखणी त्यांच्यासोबतच झाली. उत्तर अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या मुलांच्या वॉर्डांत डिसेंबर २०१४ ते जानेवारी २०१७ या काळात ती राबवली आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले.

बदल काय होते? राउंड कॉटपाशी, कुटुंबासमोर. सुरुवात कुटुंबाने करायची: मूल कालपेक्षा बरं आहे, तसंच आहे की जास्त आहे, आणि तुम्हाला कशाची काळजी वाटते. नर्सने आपलं निरीक्षण स्वतः मांडायचं. डॉक्टरांनी साध्या भाषेत बोलायचं. शेवटी कुटुंबाने दिवसाचा बेत आपल्या शब्दांत परत सांगायचा. आणि तो बेत लिहिलेला एक कागद कुटुंबाच्या हातात द्यायचा.

आता आकडे, कारण त्यांत एक गोष्ट दडलेली आहे. अभ्यासात ३,१०६ दाखल मुलं होती. रुग्णांच्या दर १,००० दिवसांमागे एकूण चुका ४१.२ वरून ३५.८ वर आल्या. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठाम म्हणता येत नाही, तो योगायोगही असू शकतो. पण ज्या चुकांनी मुलाला प्रत्यक्ष इजा झाली त्या २०.७ वरून १२.९ वर उतरल्या, म्हणजे सुमारे ३८ टक्के घट, आणि हा फरक ठाम आहे. एकूण चुकांतून इजा करणाऱ्या चुका वजा करून पाहा: आधी २०.५, नंतर २२.९. इजा न करणाऱ्या चुका जवळपास होत्या तेवढ्याच राहिल्या.

मला या वजाबाकीचा अर्थ असा वाटतो: डॉक्टर आणि नर्स आधीसारख्याच चुकत राहिले, माणसं चुकतातच, पण चूक मुलापर्यंत पोचायच्या आत किंवा पोचल्यावर लगेच कुणीतरी ती धरली. जोसीच्या दुपारी सॉरेल यांनी नेमकं हेच केलं होतं. या सात रुग्णालयांत फरक इतकाच की तिथे तसं बोलणं अपेक्षित होतं आणि त्यासाठी रोजची वेळ ठरलेली होती.

एक सावधगिरीही नोंदवायला हवी. हा आधी-नंतरचा अभ्यास आहे, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. टाळता न येण्याजोग्या म्हणून धरलेल्या इजाही याच काळात कमी झाल्या, १२.६ वरून ५.२. त्यामुळे सगळं श्रेय राउंडलाच देणं घाईचं होईल. पण वागणूक बदलली, हे मात्र प्रत्यक्ष निरीक्षणातून दिसलं. राउंडच्या सुरुवातीलाच आपली काळजी बोलून दाखवणारी कुटुंबं १८ टक्क्यांवरून जवळपास ३८ टक्क्यांवर गेली. बेत परत सांगणारी पाचांहून कमी टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर. राउंडमध्ये नर्सचा सहभाग २० वरून ३५ टक्क्यांवर आला. आणि राउंडला लागणारा वेळ फारसा वाढला नाही. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

मराठी वॉर्डात हे कसं ऐकू येईल

कल्पना करा, तीन वर्षांचा आर्यन न्यूमोनियासाठी दाखल आहे. प्रसंग माझा, पण अशी वाक्यं आपल्या वॉर्डांत सहज बोलता येतात हे दाखवायला तो लिहिला आहे.

"ताई, आधी तुम्ही सांगा. कालपेक्षा बरा आहे, तसाच आहे, की जास्त वाटतोय?"

"ताप उतरलाय मॅडम. पण काल संध्याकाळपासून शू एकदाच झाली. आणि सारखं पाणी मागतोय."

"सिस्टर, चार्टवर?"

"रात्रीची एकच नोंद आहे मॅडम. मला वाटलं, मधे आईने डायपर बदललं असेल आणि सांगायचं राहिलं असेल."

"नाही हो सिस्टर, बदललंच नाही. कोरडंच होतं."

डॉक्टर जीभ पाहतात, पोटाची कातडी चिमटीत धरतात. मग: "पाणी कमी पडतंय त्याला. सलाईन वाढवते, दुपारी दोनला मी परत बघणार. तापाचं औषध आता ठरलेल्या वेळेला द्यायचं नाही, ताप आला तरच. खोकल्याचं चालू. पण दोनच्या आत उलटी झाली, किंवा हाक मारल्यावर नीट बघेना, तर दोन वाजायची वाट बघायची नाही. सिस्टरना सांगा, त्या मला लगेच फोन करतील. मी भरभर बोलले असेन. घरी आजींना फोनवर काय सांगाल, ते मला सांगा बरं."

"सलाईन वाढवलंय, दोनला मॅडम येणार. उलटी झाली की सिस्टरना सांगायचं. आणि खोकल्याचं बंद केलंय."

"खोकल्याचं चालू आहे ताई. तापाचं लागलं तर."

शेवटच्या दोन ओळींसाठी हा सगळा खटाटोप. 'समजलं ना?' असं विचारलं असतं तर आईने मान हलवली असती, आणि संध्याकाळी तिने खोकल्याचं औषध सिस्टरना परत दिलं असतं. 'आजींना काय सांगाल' या प्रश्नात आईची परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही, कारण नीट सांगितलं का याची जबाबदारी डॉक्टरांनी स्वतःवर घेतलेली असते.

आणि ही पद्धत आपल्याला परकी नाही. आयएमएनसीआयच्या प्रशिक्षणात आईशी बोलायच्या चार पायऱ्या शिकवतात: विचारा आणि ऐका, चांगल्या गोष्टीचं कौतुक करा, सल्ला द्या, समजलं का ते तपासा. तपासायचं ते 'हो-नाही'च्या प्रश्नाने नव्हे, 'किती पाणी घालाल', 'कधी परत आणाल' अशा प्रश्नांनी. गावात ओआरएस कसं करायचं हे सांगताना जी काळजी आपण घेतो, तीच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या रुग्णालयात सलाईन लावल्यावर सुटते. यंत्रं वाढतात तसं आईला विचारणं कमी होतं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात खटकणारं वास्तव वाटतं.

आपल्याकडचे अडथळे

आपल्या सरकारी रुग्णालयांत मुलासोबत आई चोवीस तास असते. ती भरवते, पुसते, जुलाब मोजते, सलाईन संपत आली की सिस्टरना हाक मारते. म्हणजे जे निरीक्षण मिळवायला परदेशात धडपड चालते, ते आपल्या वॉर्डात आधीच बसलेलं असतं. फक्त राउंड आला की 'नातेवाईक बाहेर थांबा' अशी हाक येते आणि नेमकं तेच निरीक्षण व्हरांड्यात जातं. गर्दी हे कारण खरं आहे. चाळीस कॉट, प्रत्येक कॉटपाशी तीन माणसं, आणि दोन सिस्टर असतील तर राउंड घेणंच अशक्य होतं. पण यावर उपाय आहे: प्रत्येक मुलामागे एकच माणूस थांबेल, आणि ते थांबेलच. बाकीचे बाहेर.

दुसरा अडथळा भाषेचा, आणि तो मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. अलिशा खान यांच्याच गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की ज्या आईवडिलांना इंग्रजीत बोलणं जड जातं, त्यांच्या मुलांना रुग्णालयात इजा होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीच्या आसपास असते. आपल्याकडे केसपेपर इंग्रजी, डॉक्टरांची आपसातली चर्चा इंग्रजी, आणि मुंबई-पुण्याच्या वॉर्डात आई कधी मराठी, कधी भोजपुरी, कधी पावरी किंवा भिली बोलणारी. नंदुरबार-गडचिरोलीत तर अनेकांची मराठीही दुसरी भाषा. तिथे मावशी किंवा वॉर्डबॉय दुभाषाचं काम करतात, आणि ते कुणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेलं नसतं. ज्यांना दोन्ही भाषा येतात अशा कर्मचाऱ्यांना राउंडच्या वेळी कॉटपाशी उभं करणं हा सुरक्षेचा भाग मानला पाहिजे.

तिसरी गोष्ट भीती. आईला वाटतं, जास्त विचारलं तर सिस्टर रागावतील आणि मुलाकडे दुर्लक्ष करतील. डॉक्टरांना वाटतं, काय बिघडू शकतं हे उघड सांगितलं तर उद्या तेच धरून भांडण होईल. डॉक्टरांवर हल्ले होतात हे खरं आहे आणि त्यांची भीती खोटी नाही. पण बऱ्याच भांडणांची सुरुवात 'आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही' यानेच होते. किंग कुटुंबाच्या बाबतीत रुग्णालयाने चूक मान्य केली आणि दोघं पुढची वर्षं एकाच कामात राहिले.

कागदावर आपल्याकडे बरंच काही आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्ण हक्कांची सनद आली. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नवजात शिशू कक्षांसाठी कुटुंब सहभागी काळजीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं मूळ दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या प्रयोगात आहे, जिथे आईवडिलांना हात धुण्यापासून धोक्याच्या खुणा ओळखण्यापर्यंत शिकवून कक्षात आत घेतलं गेलं. काचेबाहेर उभ्या राहणाऱ्या आईला आत घेता येतं, तेही अठ्ठावीस दिवसांच्या आतल्या बाळांच्या कक्षात, हे त्यातून सिद्ध झालेलं आहे. नवजात कक्षात जे जमलं ते शेजारच्या मुलांच्या वॉर्डात जमायला नवं बांधकाम लागणार नाही.

सुरुवात करायची तर मी नर्सिंगच्या चार्टपासून करेन. तापमान, नाडी, श्वास, लघवी या रकान्यांच्या शेजारी एक रकाना वाढवायचा: 'आईचं म्हणणं'. दर शिफ्टला एकदा विचारायचं, बरं, तसंच, की जास्त, आणि उत्तर तिच्या शब्दांत लिहायचं. 'जास्त' लिहिलं गेलं तर निवासी डॉक्टरांनी ठरलेल्या वेळेत येऊन पाहायचं, मॉनिटर काहीही दाखवत असला तरी. आणि आईने एखाद्या औषधाला 'नको' म्हटलं तर सिरिंज ट्रेमध्ये ठेवून आधी ऑर्डर तपासायची, मग द्यायचं. ड्यूटी बदलताना हा रकानाही मोठ्याने वाचायचा, आई ऐकत असताना.